कळंबहून तापोळ्याला: उन्हाळ्याच्या सुट्टीत पाण्यावर जायचं तर

मोटारी भरायचा माझा धंदा. कळंबला दुकान आहे. विहिरीतली मोटार जळली, पाइप निसटून तळाला गेला, की शेतकरी आधी मला फोन लावतो, आणि कमरेला दोर बांधून खाली उतरणाऱ्यांत मी असतो. तेवढ्यावरून आमच्या गोतावळ्यात पाण्याचं खातं माझ्या नावावर झालंय. एप्रिल उजाडला की दाजींचा फोन ठरलेला. "तात्या, औंदा लेकरांना डोंगरातल्या तळ्यावर न्यायचं. बोटीबिटी, ती पाण्यावरची स्कूटर, सगळं. तुम्हीच ठरवा."

तर ठरवायचं कसं ते सांगतो. कळंब, केज, अंबाजोगाई, लातूर, धाराशिव या बाजूनं बायकालेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन जे निघतात त्यांच्यासाठी हे आहे. कॉलेजची पोरं चौघं मिळून गाडी काढतात, ती कुणाचं ऐकून जात नाहीत.

बहुतेक जण मोबाइलवर स्पीडबोटीचा व्हिडिओ बघतात, हॉटेल बुक करतात आणि पाण्याचं तिथं गेल्यावर बघू म्हणतात. मी उलटीकडून सुरू करतो. आधी माणसं, मग पाणी, मग वेळ, आणि कशात बसायचं ते सगळ्यात शेवटी. आपल्याकडच्या माणसाला पाण्याची हौस मोठी आणि ओळख कमी, त्यामुळं हा क्रम बदलू नये.

कोण कोण येणार

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा. पवायला येतं, पवायला येत नाही, आणि 'येतं की' म्हणणारे. तिसरा रकाना सगळ्यात लांब होतो आणि खरी काळजी त्याचीच. ज्याला येत नाही तो स्वतःहून लाइफ जॅकेट मागून घेतो आणि काठ सोडत नाही. 'येतं की'वाला शर्ट काढून मोकळा होतो. यात बहुतेक माझ्या वयाचे, लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले. पुढं विहिरी आटल्या, बोअर आले, पोटं सुटली आणि पवणं राहिलं ते राहिलंच.

विहिरीत शिकलेल्याला एक सवय असते, ती त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. चार हात मारले की भिंत, पायरी, लोंबता पाइप, काहीतरी हाताला लागतं. मोठ्या जलाशयात हाताला काहीच लागत नाही. काठ दिसतो जवळ आणि असतो लांब. वारा आडवा, लाट तोंडावर. शिवाय कोयनेसारखा जलाशय म्हणजे बुडालेली दरी. आपल्या पाझर तलावात कमरेएवढ्या पाण्यात बरंच आत चालत जाता येतं. तिथं दोन पावलं पुढं टाकली की पायाखालची जमीन संपते.

म्हणून निघायच्या महिनाभर आधी लेकरांना, आणि तिसऱ्या रकान्यातल्यांनाही, गावातच पाण्यात उतरवा. ज्यांच्या विहिरीला मे महिन्यात पाणी टिकतं असा कुणीतरी पाहुणा निघतोच. नसेल तर जिल्ह्याच्या गावचा तरणतलाव. वेगानं पवायला शिकवायच्या मागं लागू नका, महिन्यात ते होणारही नाही. एकच गोष्ट शिकवा: अंगात कपडे असताना उताणं पडून तरंगणं.

कान पाण्यात बुडू द्यायचे. हनुवटी आभाळाकडं. छाती भरून घ्यायची, कंबर वर ठेवायची, हात बाजूला पसरायचे. घाबरलेला माणूस डोकं उचलून बघायला जातो, आणि डोकं वर आलं की पाय खाली गेलेच. शिकवणाऱ्यानं डोक्याखाली तळहात धरायचा आणि तोंडानं काहीतरी बोलत राहायचं. माझी भाची पायरीला घट्ट धरून होती. हळूहळू एकेक बोट सोडवलं. "मामा, हात काढू नका." "नाही गं, आहे की." तेव्हा हात काढून झालेला होता आणि ती आपली आभाळातल्या घारी मोजत होती.

एवढं ज्याला जमलं तो जॅकेट घालून पाण्यात पडला तर धडपडणार नाही. जॅकेट सगळ्यांनाच. ज्याला पवायला येतं त्यालाही, पण त्यावर पुढं बोलू.

कुठल्या तळ्यावर

आमच्या बाजूनं सोयीचं ठिकाण म्हणजे कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं वरचं टोक, तापोळा. येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, अकलूज, फलटण, वाई, मग पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर, आणि तिथून घाट उतरून तापोळा. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. लेकरांना घेऊन, थांबत थांबत, अख्खा दिवस जातो असंच धरा. मे महिन्यात शनिवार-रविवारी महाबळेश्वरात गाड्यांची जी रांग लागते तिच्यात लेकरं रडकुंडीला येतात. तेव्हा फलटणहून सातारा गाठायचा आणि कासवरून बामणोलीला उतरायचं. जलाशय तोच, बोटी तिथंही आहेत, गर्दी कमी. कासच्या पठारावर मे महिन्यात फुलं नसतात, ती पावसाळ्याच्या शेवटाला. बायकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर वाटेत गाडी थांबवून वाद होतो.

तापोळ्याला कोयना आणि सोळशी या नद्या मिळतात, पुढं कांदाटी येते. बोटवाले याला त्रिवेणी संगम म्हणतात आणि बहुतेक फेऱ्या तिकडंच जातात. मोटरबोट, स्पीडबोट, पाण्यावरची स्कूटर, कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, हे सगळं गावातल्याच बोट क्लबांकडं मिळतं. भाडं साधारण बोटीमागं असतं, माणसामागं नाही. त्यामुळं दोन कुटुंबं मिळून गेलात तर परवडतं. दर फलकावर लिहिलेले असतात. फलक वाचल्याशिवाय बोलणी करू नका. रोख पैसे जवळ ठेवा, खाली रेंजचा भरवसा नाही.

बामणोलीहून वासोट्याला बोट जाते. किल्ला अभयारण्यात, वनखात्याची परवानगी लागते, आणि बोटीतून उतरल्यावर चांगला दोन तासांचा चढ आहे. मे महिन्यात आजी-आजोबांना आणि लेकरांना घेऊन तो बेत करूच नये. थंडीत करा.

छत्रपती संभाजीनगर, जालन्याकडच्यांना भंडारदरा जवळ. संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडी गावात उतरायचं. प्रवरेवरचं ते विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. तिथं वेगाच्या खेळांपेक्षा नावेनं फिरणं, काठावर तंबूत राहणं, रतनवाडीचं अमृतेश्वर बघणं हे जास्त. हीच प्रवरा पुढं टोक्याला गोदावरीत मिळते आणि जायकवाडीत येते. ते पाणी आपल्याकडं सोडायचं की नाही यावरून दर दुष्काळात नगर, नाशिक आणि मराठवाड्याची जुंपते. जायकवाडीचा उपयुक्त साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असा तो नियम. शेंडीच्या चहाच्या टपरीवर हा विषय काढू नका. बोटीला उशीर होतो.

आणि ज्यांच्या घरात गुडघेदुखीची माणसं जास्त, पाण्याची भीती जास्त, त्यांनी सरळ महाबळेश्वरातलं वेण्णा तळं गाठावं. वल्ह्याची नाव, पायडलची बोट, काठावर घोडे, मक्याचं कणीस. संध्याकाळी जत्रा भरते, सकाळी लवकर गेलं तर पाणी मोकळं असतं.

पाणी किती उरलंय ते बघून तारीख

हे कुणी बघत नाही. धरणाचं तळं उन्हाळ्यात भरलेलं नसतं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. तिचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. त्या वर्षात वीज करायला पश्चिमेकडं ६७.५० टीएमसी पाणी सोडायची मुभा, शिवाय पूर्वेकडं शेतीला वेगळं. म्हणजे आपली सुट्टी ऐन भरात येते तेव्हा धरणाचा वर्षाचा हिशेब संपत आलेला असतो. तापोळा जलाशयाच्या वरच्या टोकाला, त्यामुळं पाणी उतरलं की आधी तिथंच काठ उघडा पडतो. पावसाळ्यानंतरच्या फोटोत हॉटेलच्या पायरीशी पाणी दिसतं. मेच्या शेवटी त्याच पायरीपासून उतार उतरून खाली जावं लागतं, भेगाळलेल्या गाळावरून आणि सुट्या दगडांवरून. बोटी लावायची जागाही पाण्याबरोबर खाली सरकते.

म्हणून जितकं लवकर जाता येईल तितकं बरं. शाळेचा शेवटचा पेपर झाला की एप्रिलच्या अखेरीला किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात निघा. निघायच्या आधी पेपरात धरणसाठा बघा आणि बोटवाल्याला फोन करून दोनच गोष्टी विचारा: बोट सध्या कुठून सुटते, आणि गाडीपासून किती चालावं लागतं. त्याच्या उत्तरावरून आजी येणार की हॉटेलात बसणार हे ठरतं. जूनचा पाऊस लागला की बोटी बंद होतात, तेव्हा 'सुट्टीच्या शेवटी बघू' हा बेत बहुधा फसतो.

उतरलेल्या पाण्यात आणखी एक असतं. या धरणात गावं गेली, शेतं गेली. पाण्याखाली बांध आहेत, तुटक्या भिंती, झाडांचे खुंट आहेत. वरून पाणी गढूळ हिरवं दिसतं, खाली काय आहे कळत नाही. तिथं वरून उडी मारायची नाही. सूर मारायचा तर विषयच नाही. आमच्या दाजींना सूर मारायची फार हौस. त्यांना मी म्हटलं, "दाजी, ज्या विहिरीत मोटार सोडलेली असते तिच्यात तुम्ही उडी मारता का?" तेवढं त्यांना पटलं.

जाता जाता सांगतो. २०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं. मिरजेला कृष्णा, आणि कृष्णेला कऱ्हाडात कोयना मिळते. म्हणजे ज्या नदीचं पाणी आपण एकदा वाघिणीतून प्यायलो त्याच नदीवर आता बोट भाड्यानं घ्यायची. तिथल्या पाण्यात कुरकुऱ्याची पाकिटं टाकणाऱ्या पोराला मी बोटीतच दम देतो, माझं असो की दुसऱ्याचं.

सकाळ पाण्याला, दुपार झोपेला

मे महिन्यात डोंगरात सकाळी पाणी शांत असतं. ऊन चढतं तसा वारा सुटतो, दुपारनंतर ढग जमतात, आणि वळवाचा पाऊस आला तर वाऱ्यासकट येतो. आपल्या भागात वीज पडून माणसं-जनावरं जातात ती याच दिवसांत, याच वेळी. जलाशयावर तर आडोसाच नसतो. सगळ्यात उंच वस्तू म्हणजे बोटीत बसलेले तुम्ही.

उजनीचं लक्षात असेल. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती फिरायला निघालेली माणसं नव्हती, रोजच्या वाटेनं चालली होती. आपण तापोळ्याला जाताना टेंभुर्णीवरून जातो, उजनीचं धरण तिथून जवळच. मी गाडीतल्या पोरांना तिथं ही गोष्ट सांगतोच, म्हणजे दुपारी 'अजून एक फेरी' म्हणून कुणी हट्ट धरत नाही.

तेव्हा दिवस असा लावा. सहाला उठायचं, चहा-बिस्कीट, सात-साडेसातला काठावर. जे जे पाण्यावर करायचं ते अकराच्या आत. मग जेवण, झोप, पत्ते. संध्याकाळी आभाळ स्वच्छ असेल तर काठानं फिरा, पाण्यात पाऊल नको. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप आपल्याकडं शेतकऱ्यांच्या मोबाइलात असतंच, ते तिथंही बघत जा. गडगडाट कानावर आला की बोट काठाला, मग पैसे वसूल झाले असोत नसोत. बोटवाला म्हणेल 'काही होत नाही साहेब'. त्याचं पोट त्यावर आहे, आपण आपलं बघावं.

एका दिवसात सगळं करायचा हट्ट सोडा. दोन सकाळी मिळतील असाच मुक्काम ठेवा. पहिल्या सकाळी साधी मोटरबोट, सगळे मिळून. कोण घाबरतं, कोण उसळतं ते त्यात कळतं. दुसऱ्या सकाळी ज्याला झेपेल त्याला वेगाचं.

जॅकेट, आणि त्याची परीक्षा

माणूस पाण्यात बुडाला की त्याचं वजन जेमतेम चार-पाच किलो उरतं, बाकीचं पाणी उचलतं. म्हणून जॅकेटला फार मोठं काम नाही, पण तेवढं त्यानं करायलाच हवं. जॅकेटवर ५० किंवा १०० असा न्यूटनचा, म्हणजे ते किती जोरानं वर उचलतं त्याचा, आकडा असतो. ५०चं जॅकेट पवता येणाऱ्याला आधार देतं, पण बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर ठेवेलच असं नाही. १००चं त्यासाठी बनवलेलं असतं. न पवणाऱ्याला आणि लेकरांना १००चंच बघा.

मोठ्यांची जॅकेटं काठावर मिळतात. लेकरांच्या मापाची सगळीकडं मिळतीलच असं नाही, आणि लेकराला मोठ्याचं जॅकेट म्हणजे काहीच नाही. पाण्यात पडलं की जॅकेट वर राहतं आणि लेकरू खालून निसटतं. म्हणून बारक्यांची मी विकतच घेतली आहेत, दोन पायांमधून पट्टा जाणारी. घालून झालं की जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायचं. हनुवटी किंवा कान आत गेले तर ढिलं आहे. पट्टे पुन्हा ओढा.

जुनं जॅकेट घरी पडलेलं असेल तर त्याची परीक्षा घ्या. किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप मागून आणायचं, जॅकेटच्या पट्ट्यांना नीट बांधायचं आणि हौदात सोडायचं. तरंगलं तर तासभर तसंच ठेवायचं, कारण आतला फोम जुना झाला की हळूहळू पाणी पितो आणि मग बसतो. बुडालं तर ते जॅकेट बैलाच्या पाठीवर टाका, माणसाच्या नको. लेकरांच्या जॅकेटला दोन किलोचं माप पुरे. काठावरच्या भाड्याच्या जॅकेटला हे करता येत नाही. तिथं बकल लावून जोरात ओढून बघा, शिवण बघा, आणि फोम चिमटीत दाबून बघा. दाबल्यावर परत फुगला पाहिजे. फुटलेलं बकल दोरीनं बांधलेलं असलं तर दुसरं मागा. लाजू नका.

आता 'मला पवायला येतं, जॅकेट कशाला' वाल्यांचं. बोट उलटते तेव्हा डोक्याला बोटीची कड लागते, कुणीतरी गळ्याला मिठी मारतं, अंगात जीन्स असते. पवणारा माणूस यातल्या कुठल्याच वेळी पवत नसतो. आमच्यात नियम एकच: जॅकेट नाही तर बोट नाही. दाजींनाही.

कशात बसायचं

मोटरबोट सगळ्यांसाठी. जड माणसं मध्ये आणि खाली बसवा, दोन्ही बाजूंना सारखी. बोट उलटायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे चार जणांनी एकदम उभं राहून एका बाजूला सेल्फी काढणं. बोटीवर माणसांचा आकडा लिहिलेला असतो, लेकरू मांडीवर असलं तरी ते एक माणूसच. इंजिन बंद पडलं तर वल्हं आहे का, ते बसायच्या आधी डोळ्यानं बघा.

स्पीडबोट पाण्यावर आपटत जाते. कंबरदुखी, मणक्याचं दुखणं, पोटुशी बाई यांनी बसू नये. बाकीच्यांनी दात मिटून बसा, जीभ चावते.

पाण्यावरच्या स्कूटरबद्दल दोन गोष्टी. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला एक गुंडाळीची दोरी अडकवतात. तो पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. ती अडकवल्याशिवाय स्कूटर सोडू देऊ नका. दुसरी जास्त महत्त्वाची. ही गाडी मागून पाणी फेकून चालते आणि त्याच फेकीनं वळते. समोर काही आलं की घाबरून माणूस रेस सोडतो आणि हँडल वळवतो, पण रेस सोडली की वळणच येत नाही, गाडी सरळ जाऊन आदळते. मोटरसायकलची सवय इथं उलटी पडते. त्यामुळं मागं क्लबचा माणूस बसवूनच घ्या, आणि पोरांच्या हातात एकट्याच्या देऊ नका.

मला स्वतःला कयाक आवडते. आवाज नाही, धूर नाही, आणि पैशाच्या मानानं वेळ भरपूर मिळतो. दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागं. वल्ह्याचं खोलगट पातं आपल्याकडं तोंड करून. नुसत्या हातानं ओढलं तर दहा मिनिटांत खांदे भरून येतात, कमरेतून वळून ओढा. निघताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर वारा तुम्हाला घरी आणतो. उलट केलंत तर जाताना मजा आणि येताना रडगाणं. उलटलात तर कयाक सोडायची नाही. ती बुडत नाही. तिला धरून पाय मारत राहा, आणि काठ जवळ दिसतो म्हणून सोडून पवायला लागू नका.

जवळ काय हवं

कपड्यात साडी आणि ओढणी पाण्यावर नको. बायकांनी पंजाबी घातला तर ओढणी गाडीत ठेवावी. जीन्स भिजली की पायात दगड बांधल्यागत होते. मागं पट्टा असलेली चप्पल सगळ्यांना, गाळात साधी चप्पल राहते आणि माणूस पुढं जातो. चष्म्याला दोरी. गाडीची किल्ली कुणाच्या खिशात नको. रिमोटची किल्ली भिजली तर तापोळ्यात तिचा कारागीर कुठून आणणार? काठावर बसणाऱ्या आजीच्या बटव्यात द्या. धपाटे, शेंगाची चटणी, दही, लिंबू आणि मीठ-साखर घरून. पाण्याला जाताना अर्ध्या पोटी, आल्यावर हाणा. दारूवाल्यांनी त्या दिवशी काठावरच बसावं, एवढंच.

आणि एक दोर. दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस नायलॉनचा मागतो. नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो. पीपीचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा, तरंगतो आणि स्वस्त पडतो. पंधरा मीटर घ्या, टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून बांधा. कुणी पडलं तर हा कॅन त्याच्या पलीकडं फेकायचा आणि ओढत त्याच्या हातात आणायचा. स्वतः उडी मारायची नाही. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या डोक्यावर चढतो. भावाच्या मागं भाऊ, बापाच्या मागं लेक गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. बुडणारा ओरडतही नाही. तोंडात पाणी असतं, श्वास घ्यायलाच पुरत नाही. हात खाली दाबत असतो, डोकं मागं जातं. म्हणून पाण्यातल्या लेकरांवर एका मोठ्या माणसाची नजर, त्याच्या हातात मोबाइल नाही, अर्ध्या तासानं पाळी बदलायची.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर गावाकडं करतात तसं पोट दाबणं, उलटं धरून गरगर फिरवणं यात वेळ घालवू नका. पाठीवर झोपवा, डोकं मागं, नाक दाबून तोंडातून श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्यानं १०८ किंवा ११२ लावायचा. आणि शुद्धीवर आलेला, नुसता खोकणारा माणूसही दवाखान्यात न्यायचाच. आत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. काठावर पोचल्या पोचल्या कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते शोधून ठेवा, आणि महाबळेश्वरचा दवाखाना घाट चढून गाठायचा आहे हे डोक्यात असू द्या.

परतताना पाण्यावरची सकाळ आणि लांबचा प्रवास एकाच दिवशी घालू नका. ऊन, वारा आणि वल्हं मारून चालवणाऱ्याचे डोळे मिटायला लागतात, आणि पुढं आधी घाट, मग फलटण-अकलूजचा सरळसोट रस्ता, दोन्ही वाईट. मुक्काम करा, पहाटे निघा. घरी आल्यावर जॅकेटं गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा, उन्हानं कापड आणि शिवण कुजते. डिकीत कोंबून ठेवू नका. पुढच्या एप्रिलात किराणावाल्याकडून माप पुन्हा मागून आणायचंच आहे.